पत्ता दिलात, आता वाटही सांगा

प्रति,
गोव्यात होमस्टे, गेस्ट हाउस, लहान हॉटेलं आणि सुटीची घरं चालवणाऱ्या सर्व मालक-मालकिणींस,

विषय: विमानतळापासून तुमच्या दारापर्यंतचा प्रवास पाहुण्यांना आधीच समजावून सांगण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

मी नागपूरची. तिकिटं काढणं, खोल्या बघणं, औषधांची पिशवी भरणं हे खातं आमच्या घरात माझ्याकडे आहे आणि ते मी हौसेने सांभाळते. विदर्भातल्या माणसाला समुद्राचं किती अप्रूप असतं, हे तुम्हाला तिथे राहून कळायचं नाही. त्यातून गोव्याला यायचं तर आठवड्यातून दोनदा धावणारी नागपूर-मडगाव गाडी आहे, पण तीत एक अख्खा दिवस जातो. सोबत म्हातारी माणसं असली की मग पैसे साठवून विमान. म्हणजे आमच्यासारख्यांची गोव्याशी पहिली भेट किनाऱ्यावर होत नाही. ती विमानतळाच्या दाराबाहेर, हातात बॅगा आणि डोक्यात हिशेब घेऊन होते. त्या भेटीबद्दलच हे पत्र आहे.

गेल्या जानेवारीत आम्ही सहा जण आलो. मी, नवरा, दोन मुलं, ७८ वर्षांच्या सासूबाई आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेली त्यांची धाकटी बहीण. काणकोणात पाळोळेजवळचं एक घर तीन महिने आधी ठरवलं होतं. माहितीत सगळं होतं. समुद्र पाच मिनिटांवर, वायफाय, इन्व्हर्टर, सकाळी पोळी-भाजी मिळेल, मांजर आहे. आणि एक ओळ होती, ‘विमानतळापासून दीड तास’. कोणता विमानतळ, ते नव्हतं.

मला विचारायचं सुचलं नाही, हा माझा दोष. तिकीट काढताना पडद्यावर ‘गोवा’ एवढंच ठळक दिसतं. त्याखाली बारीक अक्षरांत जीओआय किंवा जीओएक्स लिहिलेलं असतं, ते विमानाच्या धंद्यातल्या लोकांना कळत असेल. जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. आम्हाला सोयीचं विमान मिळालं ते मोपाचं. रात्री साडेनऊला उतरलो, बॅगा घेतल्या आणि टॅक्सीच्या काउंटरवर गेलो. तिथल्या मुलीने पत्ता वाचला, माझ्याकडे पाहिलं, मग मागे खुर्चीवर बसलेल्या सासूबाईंकडे पाहिलं आणि विचारलं, “काणकोण? आत्ता?”

मोपा गोव्याच्या उत्तर टोकाला, पेडणे तालुक्यात. काणकोण दक्षिण टोकाला. मध्ये अख्खा गोवा. कोलवाळला शापोरा नदी ओलांडायची, पणजीला मांडवी, पुढे जुवारी, मग मडगाव मागे टाकून करमल घाटाची वळणं घ्यायची. सुमारे १०० किलोमीटर. सहा माणसं आणि चार मोठ्या बॅगा एका साध्या गाडीत मावत नाहीत, मोठी गाडी त्या वेळी नव्हती, म्हणून दोन गाड्या कराव्या लागल्या. दोन्ही पावत्या मिळून विमानाच्या दोन तिकिटांएवढे पैसे झाले. घाटात मावशींना उलट्या झाल्या. पोहोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. मालक बिचारे कंदील, म्हणजे टॉर्च घेऊन रस्त्यावर उभे होते. म्हणाले, “अरे देवा, मोपाला उतरलात? आम्ही अजून दाबोळी धरूनच चालतो हो.”

यात कोणीही लबाडी केली नाही, म्हणून तर मला हे लिहावंसं वाटलं. काउंटरवर पावती दिली, चालक सांभाळून घेऊन आला, मालकांनी रात्री एक वाजता गरम पेज करून दिली. फक्त एका ओळीत एक शब्द कमी होता.

दाबोळीच्या हिशेबाने त्यांचं ‘दीड तास’ अगदी बरोबर होतं. वास्कोजवळचा हा विमानतळ पोर्तुगीज काळातला. गोवा मुक्त झाल्यावर नौदलाकडे आला आणि आजही तो नौदलाचा ‘हंसा’ तळ आहे. प्रवासी विमानं त्याच्याच एका बाजूने ये-जा करतात. दोन पिढ्या ‘गोवा विमानतळ’ म्हणजे दाबोळीच होता, त्यामुळे तुमच्या जिभेवर आणि तुमच्या जाहिरातींत तोच बसला आहे. पण डिसेंबर २०२२ मध्ये मोपाच्या विमानतळाचं उद्‌घाटन झालं, मनोहर पर्रीकरांचं नाव दिलं गेलं, ५ जानेवारी २०२३ पासून विमानं उतरू लागली आणि त्यानंतर बरीचशी तिकडे वळली. तुमची माहितीची पानं मात्र बऱ्याच ठिकाणी तशीच राहिली. परत आल्यावर मी मुद्दाम वीस-पंचवीस घरांची माहिती उघडून पाहिली. काहींनी दोन्ही विमानतळ लिहिलेत, त्यांना मनापासून नमस्कार. बाकीच्यांचं ‘विमानतळ जवळ’.

जवळ म्हणजे कुणाच्या जवळ? हरमल, मांद्रे, आश्वे, मोरजी या भागातल्या घरांना मोपा अगदी शेजारचा, दाबोळी साठ किलोमीटरच्या आसपास. पाळोळे, आगोंदला मोपा फार लांब, दाबोळी त्या मानाने जवळ. कोलवा, बाणावली, माजोर्डा इथे राहणाऱ्याने दाबोळीला उतरावं, बोगमाळोला तर विमानतळावरून दहा-पंधरा मिनिटांत पोहोचता येतं. कळंगुट, कांदोळी, बागा मधोमध आहेत. तिथे कुठेही उतरलात तरी फारसा फरक पडत नाही, जे तिकीट स्वस्त ते घ्यावं. ही एवढीशी गोष्ट. पण ती पाहुण्याला तिकीट काढण्याआधी कळली पाहिजे, आणि त्याच्या ओळखीत ती ठामपणे सांगू शकेल असं तुमच्याशिवाय कोणी नसतं. विमान कंपनीचं काम धावपट्टीपाशी संपतं. टॅक्सीवाल्याचं तिथे सुरू होतं. पाहुणा कुठून निघणार आणि कुठे झोपणार, ही दोन्ही टोकं फक्त तुमच्या हातात असतात.

आता टॅक्सीचं.

आम्ही नागपूरला उतरलो की फोन काढतो, बटण दाबतो, गाडी येते. मुंबईचा, पुण्याचा, बंगळुरूचा पाहुणाही हेच करतो. गोव्यात ओला-उबर चालत नाही, हे तुम्हाला इतकं ठाऊक आहे की सांगण्यासारखं काही आहे असं वाटतच नाही. त्या रात्री माझा थोरला मुलगा दहा मिनिटं फोन वर-खाली करत उभा होता, त्याला वाटलं नेटवर्क नाही. २०१८ पासून राज्याच्या पर्यटन महामंडळाच्या साथीने ‘गोवा माइल्स’ हे अॅप चालू आहे, विमानतळावर ठरीव दराची टॅक्सीची काउंटरं आहेत, हे आम्हाला तिथे उभं राहून कळलं. एका मेसेजचं काम होतं.

दर जास्त आहेत, ही पाहुण्यांची नेहमीची तक्रार. मीही केली. मग आमच्या चालकाने पर्वरीच्या वाहतुकीत अडकल्या अडकल्या जे सांगितलं ते ऐकून मी जरा गप्प झाले. तो पेडण्याचा. म्हणाला, “ताई, माझ्या आजोबांच्या काजी (काजूची झाडं) त्या धावपट्टीखाली आहेत. गाडी कर्जाची आहे. तुम्हाला काणकोणला सोडून मी रिकामा परत येणार. तिथलं भाडं मी उचललं तर तिथले टॅक्सी स्टँडवाले मला सोडतील का?” परतीचे रिकामे शंभर किलोमीटर आमच्या भाड्यात धरलेले असतात, हे मला त्याआधी कोणी समजावलं नव्हतं. समजल्यावरही भाडं जड वाटलंच, खोटं कशाला बोलू. पण फसवलं गेल्याची भावना गेली, आणि सहलीच्या पहिल्या रात्री ती जाणं फार मोलाचं असतं.

या स्टँडवरून आठवलं. येण्याचं कसंबसं जमतं, खरी गंमत निघताना. आमच्या ओळखीतलं एक जोडपं कळंगुटच्या बाजूला उतरलं होतं. परतीला त्यांनी अॅपवरून गाडी बोलावली. ती गाडी हॉटेलच्या फाटकाशी आली आणि तिथल्या स्टँडवरच्या दोघा-तिघांनी अडवली. बाहेरच्या गाडीने इथलं भाडं उचलायचं नाही. विमान चुकायची वेळ आली तेव्हा हे दोघं बॅगा ओढत मोठ्या रस्त्यापर्यंत चालत गेले. कोण बरोबर, कोण चूक, हा तुमचा, टॅक्सीवाल्यांचा आणि सरकारचा जुना वाद आहे. त्यावर संप झाले, मोर्चे झाले, कोर्टात प्रकरणं गेली. नागपूरहून चार दिवसांसाठी आलेल्या बाईने त्यात निवाडा देऊ नये. माझं म्हणणं एवढंच की त्या फाटकाशी काय होणार हे आत स्वागताच्या टेबलामागे बसलेल्या माणसाला पक्कं माहीत होतं. आदल्या रात्री त्याने सांगायला हवं होतं की आमच्या इथे स्टँडची गाडी घ्यावी लागते, भाडं साधारण इतकं, सकाळी इतक्या वाजता सांगून ठेवतो. पाहुण्याला कटकट नको असते. दर जास्त असला तरी तो आधी कळला की माणूस खिशाची तयारी करतो.

आणि बस. माझं मन इथे जरा रेंगाळतं, कारण मी मूळची एसटीची पोर.

कदंबाच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसबद्दल तुमच्यातले बरेच जण पाहुण्यांना सांगतच नाहीत, असं मला दिसलं. कदाचित वाटत असेल, विमानाने येणारा माणूस बसने कुठला जातोय. जातो हो! मोपाहून म्हापसा, पणजी, मडगाव आणि कळंगुटच्या बाजूला कदंबाच्या वातानुकूलित बसगाड्या सुटतात, बॅगा ठेवायला जागा असते, भाडं टॅक्सीच्या तुलनेत नगण्य. परतीला आम्ही हीच अक्कल वापरली. सासूबाई आणि मावशींना नवऱ्यासोबत टॅक्सीने पाठवलं आणि मी दोन मुलांना घेऊन चावडीहून, म्हणजे काणकोणच्या मुख्य बाजारगावाहून मडगाव आणि मडगावहून मोपा अशी बसने गेले. टॅक्सी एकच लागली. मुलांना जुवारीवरचा नवा पूल वरच्या खिडकीतून दिसला, तो जाताना अंधारात गेला होता. अट एकच, हातात वेळ हवा. मडगाव ते मोपा दोन तासांच्या आसपास धरा, त्याआधी काणकोणातून मडगावला यायचा तास-सव्वा तास, वर बसची वाट पाहणं. दुपारचं विमान असेल तर सकाळचा चहा घरी आणि नाश्ता मडगावच्या स्टँडवर.

कदंबाच्या शटलची पद्धतही कोणीतरी सांगायला हवी. पणजी, मडगाव, वास्को, म्हापसा यांच्यामध्ये विनाथांबा बस असते, तिकीट आधी खिडकीवर काढायचं आणि रांगेत उभं राहायचं. गोव्याच्या माणसाला यात सांगण्यासारखं काय वाटेल? आम्ही मात्र कंडक्टर आत येईल म्हणून सरळ चढून बसलो आणि गपचूप उतरलो.

एकटा, पाठीवर एक पिशवी घेतलेला मुलगा असेल तर त्याला पायलटबद्दल सांगा. पिवळ्या-काळ्या मोटारसायकलवर मागे बसवून नेणारे हे पायलट मी तरी दुसरीकडे पाहिले नाहीत. बसस्टँडपासून तुमच्या वाडीपर्यंतच्या दोन-चार किलोमीटरसाठी त्यांच्यासारखी सोय नाही. भाडं बसण्याआधी ठरवायचं, एवढं बजावा. गाडी भाड्याने घेऊन स्वतः चालवणाऱ्यांना काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच गाडी घ्या म्हणून सांगा. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी कोणी स्वस्तात देत असेल तर रस्त्यात पोलिसांशी बोलायची पाळी पाहुण्यावर येते, देणाऱ्यावर नाही.

तुमच्या पत्त्यांबद्दल मात्र मला भांडायचंच आहे. घर असतं हडफड्यात किंवा साळगावात, जाहिरातीत लिहिता कळंगुट. घर आगोंदच्या पुढे, लिहिता पाळोळे. प्रसिद्ध नाव लावल्याने घर लवकर भरतं, धंदा म्हणून मला ते कळतं. पण टॅक्सीची पावती जाहिरातीतल्या गावाची फाडली जाते, गाडी त्या गावात येऊन थांबते आणि चालक म्हणतो, पुढचे सात किलोमीटर यात नाहीत. तिथून पुढचा वाद रात्रीच्या अंधारात, अनोळखी गावात, डुलक्या घेणाऱ्या लेकरांसमोर होतो. खरं गाव लिहा. हवं तर कंसात प्रसिद्ध किनाऱ्याचं नाव घाला.

शिवाय गोव्यातला पत्ता म्हणजे घर नंबर आणि वाडो, म्हणजे वाडी. रस्त्याला नाव नाही. नकाशावरची खूण कधी मागच्या भाटात, म्हणजे माडांच्या बागेत, कधी शेतात. आमच्या मालकांनी शेवटी फोनवर सांगितलं, “तिंट्यावर या, तिथून कपेलाकडे वळा, निळ्या फाटकाचं घर.” चालकाला क्षणात कळलं, मला काहीच नाही. तेव्हा हेच वाक्य, तुमच्याच शब्दांत, पाहुण्याला आधी पाठवून ठेवा. त्याने ते फक्त चालकाला दाखवायचं. ज्यांची घरं दिवाडीसारख्या बेटावर आहेत त्यांनी तर फेरीबोट कुठल्या धक्क्यावरून, शेवटची किती वाजता, रात्री उशीर झाला तर काय करायचं, हे लिहिल्याशिवाय खोली देऊच नये. तिथे पूल नाही. गेलेल्या फेरीला हात दाखवून थांबवता येत नाही.

हे सगळं फार मोठं काम आहे असं वाटत असेल तर जरा सीमेपलीकडे पाहा. काही वर्षांपूर्वी आम्ही मालवणला एका घरात राहिलो होतो. बुकिंग केल्याच्या संध्याकाळी तिथल्या वहिनींचा फोन आला. “कुठल्या गाडीने येताय? कणकवलीला उतरू नका, कुडाळला उतरा. आजी सोबत आहेत ना, मग बस नको, आमच्या गावातला रिक्षावाला स्टेशनवर येईल, त्याला इतके द्या, जास्त मागितले तर मला फोन लावा.” दीड मिनिटाचा फोन. त्यांच्याकडे ना संगणक, ना छापील माहितीपत्रक. त्या घराची भिंत ओलीने पोपडली होती, नळाला गरम पाणी नव्हतं, तरी सासूबाई अजून त्या घराचं नाव काढतात. आणि गंमत पाहा, शिरोडा-वेंगुर्ल्याला जाणारे पाहुणेही आता मोपालाच उतरतात. तिथल्या वहिनी त्यांना मोपाहून बांदा-सावंतवाडीचा रस्ता समजावत असतील, याची मला खात्री आहे.

म्हणून विनंती. बुकिंग पक्कं झालं की पाहुण्याला एकच प्रश्न विचारा, मोपा की दाबोळी? उत्तर आलं की त्याप्रमाणे चार ओळी पाठवा. त्यात टॅक्सीला साधारण किती पडतील ते लिहा, कमी करून लिहू नका. बस असेल तर कुठली आणि शेवटची केव्हा, ते लिहा. किती माणसं, किती बॅगा, म्हातारं-आजारी कोणी आहे का, हे विचारा. सहा जणांना दोन गाड्या लागतात हे मला विमानतळावर कळण्यापेक्षा घरी कळलं असतं तर मी दिवसाचं विमान पाहिलं असतं, नाहीतर पहिली रात्र म्हापशाला काढली असती. आणि निघायच्या आदल्या दिवशी, चेकआउटची वेळ आठवण करून देता तेव्हाच, किती वाजता निघायला हवं तेही सांगा. पर्वरीला उन्नत मार्गाचं काम निघाल्यापासून तिथे किती वेळ जातो, शनिवारी-रविवारी किती, हे तुम्हाला रोजचं आहे. नकाशावरचा आकडा पाहून निघणाऱ्याला नाही.

काणकोणातलं ते घर सुंदर होतं, हे सांगायचं राहिलं. सासूबाई रोज पहाटे व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायच्या आणि मांजर त्यांच्या पायाशी. मावशी तर समुद्रात गुडघ्यापर्यंत गेल्या, डॉक्टरांना न सांगता.

येत्या डिसेंबरात आम्ही पुन्हा येतोय, या वेळी आठ जण. हरमलजवळच्या एका घराला काल विचारणा पाठवली आहे. खोल्यांचे फोटो आले, दर आला, मासे मिळतील हेही आलं. मी उलट विचारलंय की विमान दोन्हीकडचं मिळतंय, कुठे उतरू आणि पुढे कसं येऊ. अजून उत्तर आलेलं नाही. तिकीट तोवर काढत नाही.

कळावे, लोभ असावा.

आपली,
नागपूरची एक पाहुणी